धुरपताबाईंचं रिव्हॉल्वर

धुरपताबाईंच्या खांद्यावरची काळी पर्स दोन वर्षं कायम खाली ओढल्यासारखी लोंबायची. तिच्यात परवान्याचं रिव्हॉल्वर असायचं. आता पर्स हलकी झाली आहे, पण बाई अजूनही तो खांदा थोडा वर उचलूनच चालतात. सवय झाली. मला ते दिसलं की माझी नजर खाली जाते.

बाई म्हणजे माझी थोरली नणंद, माझे मिस्टर नागसेन यांची बहीण. आम्ही वर्ध्याला नालवाडीत राहतो, बाई जाम गावाच्या चौफुलीवर भोजनालय चालवतात. आमचे नंदोई, म्हणजे बाईंचे मिस्टर, ट्रकवर होते. ते आजारपणात गेले, तेव्हा त्यांच्याबरोबरचे ड्रायव्हर म्हणाले, वहिनी, तुमच्या हातची भाकर आम्हाला हायवेवर मिळाली तर आम्ही दुसरीकडे थांबणार नाही. बाईंनी टिनाच्या शेडखाली चूल मांडली. हैदराबादकडे जाणाऱ्या गाड्या अजून तिथे थांबतात. वरण, भात, वांग्याची भाजी, म्हणजे बाईंचं कोरड्यास, ज्वारीची भाकर आणि बाईंची बोलणी. "भाकर उरवली तं उद्या कोरड्यास भेटणार नाई," असं त्या सहा फुटी सरदारजीलाही सांगतात, आणि तो ताट पुसून खातो.

संध्याकाळचं जेवण उरकलं की बाई स्कुटीवर आपल्या गावी जायच्या. वाट फार लांब नाही, पण मधे नाला आहे आणि तिथे वस्ती नाही. एके रात्री मागून मोटरसायकल आली. दोघे होते. एकाने चाकू दाखवला, दुसऱ्याने गळ्यातली पोत तोडली, आणि जाता जाता स्कुटीला लाथ मारली. बाई नाल्यात पडल्या. खांद्याचं हाड मोडलं. पोत काही फार जड नव्हती. पण बरं झाल्यावरही बाईंना मागून मोटरसायकलचा आवाज आला की हातातली परात सुटायची. ही बाई अशी घाबरेल असं कोणाला वाटलं नव्हतं, तिला स्वतःलाही नाही.

मग एक दिवस आमच्याकडे येऊन म्हणाल्या, "मी पिस्तुलाचा परवाना मागून राह्यली."

नागसेन हसले. "बाई, तू भाकरी थापणारी. पिस्तूल घेऊन काय करशीन?"

"भाकरी बी थापीन अन् ते बी ठेवीन. तुह्या पंचायत समितीत टेबलावर पेपरवेट ठेवत नव्हता का तू? तसं."

मी मात्र हसले नाही. आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ वंदना होते. त्रिशरण, पंचशील झाल्याशिवाय मी गॅस पेटवत नाही. मी म्हटलं, "बाई, रोज पहिलं शील आपण कोणतं घेतो? प्राणिहिंसेपासून दूर राहीन. आणि पर्समध्ये बंदूक?"

"शील म्या बी घेतो, माधवी. त्या दोघायनं घेतलं नव्हतं ना."

तेवढ्यात माझा मुलगा अनुप ग्राउंडवरून धावून आला. तो तेव्हा पोलीस भरतीच्या मागे लागला होता. धावणं, गोळाफेक, उकडलेली अंडी, मटकी, हेच त्याचं जग. बाईंनी त्याच्याकडे बोट केलं. "याच्या हाती सरकारनं रायफल देल्ली का तू गल्लीभर पेढे वाटशीन. माह्या हाती आली तं शील मोडते. काऊन वं?"

मी पोह्यांवर कोथिंबीर टाकायला आत गेले.

परवान्याला वेळ लागला. पोलिसांची चौकशी, डॉक्टरचा दाखला, हत्यार चालवण्याचं प्रशिक्षण. भोजनालय सांभाळून बाई सगळीकडे गेल्या. परवाना हातात आला तेव्हा म्हणाल्या, "नागपूरले चाल माह्यासंगं. बाईमाणूस एकलं गेलं का दुकानदार भलतंच गळ्यात मारते." मी मनाविरुद्ध गेले. पण एक मन म्हणत होतं, बघून तर येऊ.

दुकान अरुंद होतं. आत चष्म्याच्या दुकानासारखं काचेचं कपाट आणि म्हातारे मालक. ते हिंदीत बोलत, बाई आपल्या वऱ्हाडीत, आणि दोघांचं छान जमलं.

"बेहेनजी, पास रखने के लिए चाहिए, या निशानेबाजी के लिए?"

बाईंनी विचार केला. "पास ठेवाले. पण नेम लागला नाई तं ठेवून काय कराव?"

मालकांना हे आवडलं. त्यांनी आधी पिस्तूल पुढे ठेवलं. चपटं, दिसायला देखणं, पर्समध्ये मावणारं. पण त्याची वरची पट्टी मागे ओढावी लागते, तेव्हा गोळी आत चढते. बाईंनी ओढली. मोडून जुळलेला खांदा दुखला, पट्टी अर्ध्यावर अडकली. "याच्यापेक्षा तं गंजलेल्या डब्याचं झाकण बरं," म्हणून त्यांनी ते परत सरकवलं. मग मालकांनी एक हलकं, लहान गोळीचं रिव्हॉल्वर दाखवलं. बायका हेच नेतात, म्हणाले. बाईंनी हातात धरलं, मूठ पुरेना. परातीत कणकेचा डोंगर मळणारा हात तो. "हे लेकराच्या खेळण्यावानी हाय." शेवटी बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर निघालं. मालकांनी त्याची चक्री बाजूला काढून दाखवली. सहा खाचा, सहाही रिकाम्या, आरपार उजेड दिसत होता.

बाईंनी त्या उजेडाकडे वाकून पाहिलं. "हे बरं हाय. भरेल हाय का रिकामं, डोळ्यानं दिसते. त्या चपट्याच्या पोटात काय हाय कोणाले कळते?"

"घोडा थोडा भारी है इसका," मालक म्हणाले.

"जड हाय तेच बरं, भाऊ. दाबता दाबता इचार कराले येळ भेटते."

मालक म्हणाले, नुसत्या निशानेबाजीसाठी लांब नळीची रायफल याहून सरस, तीही बघून ठेवा. बाईंनी खांद्याला लावून पाहिली. नळीवरून दुकानाच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे एक डोळा मिटून पाहत असताना त्यांचा चेहरा मी पाहिला. तसा चेहरा मी त्यांचा फक्त एकदा पाहिला होता, हिंगणघाटच्या जत्रेत फुगे फोडताना, माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी. त्यांनी रायफल हलकेच खाली ठेवली. "हे शौकाचं हाय. मले भेवाचं पायजे." आणि रिव्हॉल्वर घेतलं.

पण शौक लागलाच. नागपूरजवळ एक रेंज आहे, तिथे परवानाधारकांना सराव करू देतात. बाई दर मंगळवारी सवड काढून जायला लागल्या. पहिल्याच दिवशी तिथल्या माणसाने माणसाच्या आकाराचा कागद टांगला. बाई म्हणाल्या, "माणूस नोको, बाबू. गोल दे." तेव्हापासून त्यांच्यासाठी गोल वर्तुळांचाच कागद निघायचा. मधल्या काळ्या टिक्क्यात भोकं पडलेले ते कागद त्या घरी आणायच्या आणि भाकरीच्या टोपल्यात खाली अंथरायच्या. एक कागद गल्ल्यामागच्या भिंतीवर चिकटवला होता. ड्रायव्हर विचारायचे, "बाई, हे काय हाय?" "माह्या मंगळवारची हाजरी हाय. तू भाजी उरवू नोको."

मोटरसायकलचा आवाज आला तरी परात हातातून सुटेनाशी झाली. हे मी पाहिलं आहे, हे मला नाकारता येत नाही.

बाईंचं स्वतःचं मन मात्र स्वच्छ नव्हतं. एकदा माझ्याजवळ लसूण सोलत बसल्या असताना म्हणाल्या, "मले तिथं लय बरं वाटते, माधवी. श्वास धरतो, घोडा दाबतो, अन् डोक्यातलं सारं बंद होते. ध्यानात बसल्यावर होत नाई तेवढं बंद होते. तेच मले खटकते." त्यांनी विहारात भन्तेजींना विचारलं. भन्तेजींनी एवढंच विचारलं, "हातात घेताना मनात काय असतं?" बाई म्हणाल्या, "भेव नसते." भन्तेजी म्हणाले, "मग पौर्णिमेच्या पौर्णिमेला हेच स्वतःला विचारत जा."

बाईंनी ते आपल्या पद्धतीने मनावर घेतलं. दर पौर्णिमेला त्या पांढरं लुगडं नेसून नालवाडीला आमच्या विहारात यायच्या, अष्टशील घ्यायच्या, दिवसभर उपोसथ, म्हणजे दुपारनंतरचा उपास, पाळायच्या. त्या दिवशी रिव्हॉल्वरच्या चक्रीतून गोळ्या काढून एका स्टीलच्या डबीत ठेवायच्या. रिकामं रिव्हॉल्वर मात्र पर्समध्येच असायचं, कारण परवाना ज्याचा, त्याच्याच ताब्यात हत्यार असावं हा नियम त्यांना पाठ होता.

आणि मला तेच सहन होत नव्हतं. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या, फुलं, आणि शेजारी त्या पर्समध्ये ते. मी रोजच्या वहीत दिवसाचं सुत्त, म्हणजे बुद्धवचन, आणि घरातलं बरंवाईट लिहिते. त्या दिवसांत मी लिहायचे, आज मनात द्वेष नव्हता. पण बाईंच्या पर्सकडे पाहताना असायचा. आमच्या धम्मात मागणं नाही, मूर्ती काही देत नाही, हे मी इतर बायकांना समजावून सांगते. तरी मेणबत्ती लावताना मी मनातल्या मनात म्हणायचे, हे आमच्या घरातून जाऊ दे.

माघ पौर्णिमेला मी बाईंना विहाराच्या दारातच गाठलं. "बाई, आज तरी ते आत नका आणू. आठ शीलं घ्यायची आणि काखेत ते धरून बसायचं, मला बरं वाटत नाही."

"मंग कुठी ठेवू? घरी तुह्याजवळ ठेवता येत नाई. कायद्यात बसत नाई."

"डिक्कीत ठेवा. कुलूप आहे. गाडी दारातच आहे."

"डिक्कीत ठेवणं बी कायद्यात बसत नाई तसं," बाई म्हणाल्या. पण पांढऱ्या लुगड्यात, विहाराच्या पायरीवर, धाकट्या भावजयीशी वाद घालणं त्यांना नको वाटलं असणार. त्या गेल्या, रिव्हॉल्वर आणि डबी डिक्कीत ठेवली, कुलूप लावलं, चावी पर्सच्या बाहेरच्या खणात टाकली आणि आत येऊन ध्यानाला बसल्या.

दुपारच्या भोजनदानाची खीर माझ्याकडे होती. दूध फाटलं. उपासक पंगतीला यायचे, भन्तेजींचं जेवण बारा वाजायच्या आत व्हायला हवं, त्यानंतर ते जेवत नाहीत, आणि पातेल्यात नुसता चोथा. मी अनुपला हाक मारली. तो तेव्हा भरतीच्या यादीत आला होता. शारीरिक झालं होतं, लेखी झालं होतं, आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. ती म्हणजे पोलिसांनी सांगायचं की या मुलावर काही नाही. रोज डाकेची वाट पाहायचो आम्ही. त्याची मोटरसायकल नागसेन घेऊन गेले होते. बाई डोळे मिटून बसल्या होत्या. ध्यानात बसलेल्या उपासिकेला कोणी हात लावत नाही, आवाज देत नाही. मी वाकून त्यांच्या पर्समधून स्कुटीची चावी काढली आणि दूध आणायला अनुपला दिली.

डिक्कीची आठवण मला त्या क्षणी आली नाही. हे खरं आहे, पण हे सांगून काही हलकं होत नाही.

आमचा जिल्हा दारूबंदीचा. सणावाराला चौकात पोलीस गाड्या थांबवतात, डिक्क्या उघडून पाहतात, बाहेरून बाटल्या येतात म्हणून. अनुप दुधाची कॅन पायाशी ठेवून परत येत होता. त्याला थांबवलं. त्याने स्वतः हसत डिक्की उघडली. पोलीस होणारा मुलगा, त्याला काय भीती.

नागसेन परतले तेवढ्यात त्यांच्या मोबाइलवर ठाण्यातून फोन आला. ते विहाराच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी आत पाहिलं. त्यांचा चेहरा पाहून मला सगळं आठवलं. मी बाईंच्या खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले, मी काही बोलायच्या आत पर्सचा बाहेरचा खण चाचपला, आणि उठल्या.

ठाण्यात अनुप बाकावर बसला होता. दुधाची कॅन त्याच्या शेजारी. कोणी त्याला काही केलं नव्हतं, चहासुद्धा दिला होता. पण त्याचे ओठ पांढरे पडले होते. साहेबांच्या टेबलावर कागदाच्या तुकड्यावर रिव्हॉल्वर, शेजारी स्टीलची डबी.

बाई तशाच पांढऱ्या लुगड्यात पुढे गेल्या. परवान्याचं पुस्तक टेबलावर ठेवलं. "हत्यार माहं, परवाना माहा, गाडी माही. पोराले मालूम नव्हतं."

"डिक्कीत का ठेवलं?"

"शील घ्याले गेलती. आत नेववलं नाई."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आजी, चोरापासून वाचायला घेतलं आणि चोराला सापडेल तिथे ठेवलं?"

"हो," बाई म्हणाल्या. "चूक हाय."

"चावी मी काढली, साहेब," मी म्हटलं. "आणि डिक्कीत ठेवा असंही मीच म्हटलं होतं." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली. माझ्या सांगण्याला तिथे काही किंमत नव्हती. जबाबदारी परवाना ज्याचा त्याची.

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी चक्री उघडून पाहिली, रिकामी होती. डबीतल्या गोळ्या परवान्यातल्या नोंदीशी जुळल्या. म्हणाले, "मुलाचा हेतू दिसत नाही, ते मी लिहीन. पण नाव येणार. परवाना माझ्या हातात नाही, अहवाल कलेक्टर ऑफिसला जाईल. तिथे सुनावणी, तारखा. तोपर्यंत प्रकरण उघडं."

"अन् याची पडताळणी?"

"प्रकरण उघडं असताना कोण सही करेल?"

अनुपने मान खाली घातली. बाईंनी विचारलं, "मी परवाना आपल्या मनानं परत केला तं?"

"तर सुनावणीला काही उरत नाही. लवकर मिटेल. पण तुमची इच्छा आजी, माझी जबरदस्ती नाही. तुम्हाला गरज होती म्हणूनच मिळाला होता ना."

बाई माझ्याकडे वळल्या. मला तेव्हा काही म्हणायला हवं होतं. बाई, घाई नका करू. बाई, तारखा पडू देत, अनुप पुढच्या भरतीला बसेल. निदान, बाई, तुमच्या जाण्यायेण्याचं काय. नागसेनही शेजारीच उभे होते, पण बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मी अनुपकडे पाहत राहिले. माझ्या छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं, आणि ते फक्त मुलापुरतं नव्हतं. जे मी मेणबत्तीपुढे म्हणायचे ते माझ्या डोळ्यांसमोर होत होतं.

"कागद द्या," बाई म्हणाल्या.

सही करताना त्यांनी टेबलावरच्या रिव्हॉल्वरकडे एकदाही पाहिलं नाही. बाहेर आल्यावर अनुप त्यांच्या पायाशी वाकला. "आत्याबाई..."

"चाल हट. दूध पाह्य आधी, नासलं असन. भन्तेजी उपाशी बसले."

त्या दिवशी भन्तेजींची वेळ टळून गेली होती. त्यांनी फक्त पाणी घेतलं. खीर आम्ही संध्याकाळी वाटली, बाईंनी उपोसथ म्हणून घेतली नाही. शीलं तुटली असं त्यांना वाटलं नसावं. मला माझी वाटली.

अनुपची पडताळणी झाली. उशिरा, पण झाली. प्रशिक्षणाला हजर व्हायचा आदेश आला त्या दिवशी मी पेढ्यांचे डबे आणले आणि गल्लीत दोन घरं वाटून झाल्यावर थांबले. बाईंचं ते बोलणं आठवलं. तिसऱ्या घरी मला जाववलं नाही. उरलेले डबे पिशवीत घालून मी अनुपला घेऊन जामला गेले.

बाई आता अंधार पडायच्या आत शेड बंद करतात. रात्रीच्या जेवणाच्या गाड्या पुढच्या ढाब्यावर जातात. गल्ल्यामागचा भोकं पडलेला कागद अजून भिंतीवर आहे, वरणाच्या वाफेने पिवळा पडलेला. बाईंनी पेढा घेतला, अर्धा अनुपच्या तोंडात घातला.

"रायफल देतीन आता तुले."

"हो, आत्याबाई."

"हाती घेशीन तं आधी पाहून घेजो, भरेल हाय का रिकामी. दुसऱ्यानं सांगतलं तरी पाहजो." मग त्याला उभं करून, लाटणं खांद्याला लावून दाखवलं, कोपर कुठे, गाल कुठे, श्वास कधी धरायचा. तिथे बसलेले दोन ड्रायव्हर जेवायचे थांबले. बाईंनी एक डोळा मिटला, आणि तोच जत्रेतला चेहरा क्षणभर आला. मग लाटणं खाली ठेवून म्हणाल्या, "भाकर थंडी होऊन राह्यली तुमची."

मला त्यांनी कधी काही म्हटलं नाही. टोमणासुद्धा नाही. ज्या बाईने सरदारजीला सोडलं नाही तिने मला सोडलं, हेच मला जड जातं.

अनुप गेल्यापासून मी आठवड्यातले बरेच दिवस दुपारच्या बसने जामला जाते. भांडी घासते, भाकरी शेकते, आणि शेड बंद झाल्यावर बाईंच्या स्कुटीवर मागे बसून त्यांच्या गावी मुक्कामाला जाते. पहिल्या दिवशी बाई हसल्या होत्या. "तुह्या भरोशावर जाव का मी? तू तं झुरळ पाहून स्टुलावर चढते." पण नको म्हणाल्या नाहीत.

माझा हात त्यांच्या खांद्यावर असतो, मोडून जुळलेल्या. नाल्याजवळ उतार आहे, तिथे स्कुटी हळू होते. काल तिथेच मागून मोटरसायकलचा आवाज आला. खांदा माझ्या हाताखाली एकदम दगडासारखा झाला. बाईंचा डावा हात हँडल सोडून पर्सवर गेला, मग त्यांच्याच लक्षात आलं आणि परत हँडलवर आला. मोटरसायकल जवळ आली. पुढे एक माणूस, मागे शेतातून परतणारी बाई, डोक्यावर गवताचा भारा. ते पुढे निघून गेले.

"गेले," मी म्हटलं.

"पाह्यलं म्या," बाई म्हणाल्या. खांदा मात्र गाव येईपर्यंत तसाच होता.